वरच्या हवेचे खोडलेले आकडे

आमच्या विभागात खोडरबर मिळत नसे. पेन्सिलही नसे. निळी शाई, जाड पानांची रजिस्टरं आणि एक नियम: चुकलेला आकडा खरवडायचा नाही, गिरवायचा नाही. त्याच्यावरून एकच आडवी रेघ ओढायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. हा नियम मी केलेला नव्हे, माझ्या आधीपासूनचा. बरेच जण तो सोयीने पाळत. मी रोज पाळत असे, आणि त्यामुळे माझी रजिस्टरं दिसायला सगळ्यांत वाईट होती.

काम असं होतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात वरच्या हवेचा अभ्यास करणारा आमचा छोटा विभाग. दिल्लीच्या दक्षिण कडेला कीकरच्या बाभळी माजलेल्या मोकळ्या जागेत चार खोल्या आणि एक उंच शेड. रोज दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी, हायड्रोजन भरलेला, माणसापेक्षा उंच रबरी फुगा आम्ही सोडायचो. त्याखाली दोरीला एक कागदी छत्री आणि छत्रीखाली पुठ्ठ्याच्या डब्यात यंत्र. यंत्र वर जाता जाता तापमान, दाब आणि हवेतला ओलावा रेडिओवरून कळवतं. खाली खोलीत कागदाच्या पट्टीवर रेघ उमटत जाते, ती वाचून आकडे काढायचे आणि रजिस्टरात चढवायचे. पंचवीस-तीस किलोमीटरवर फुगा फुटतो. डबा छत्रीने तरंगत खाली येतो आणि कुणाच्या तरी शेतात पडतो.

मी पुण्याहून बदलीवर आलो होतो आणि मग दिल्लीतच राहिलो. ज्या वर्षाबद्दल लिहितोय तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो, या रजिस्टरांवर सात वर्षं काम झालं होतं, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि बारा वर्षांची मुलगी, एका सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. कॉलनीत मला 'गुब्बारेवाले भाईसाहब' म्हणत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. फुगेच सोडत होतो.

त्या वर्षी दिल्लीच्या आसपास पाऊस ओढ देऊन बसला. जुलै कोरडा गेला, ऑगस्टही निम्मा गेला. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे दोन परदेशी शास्त्रज्ञ येऊन राहिले होते. उंचावरचा ओझोन मोजायचं त्यांचं यंत्र आमच्या फुग्याला बांधून पाठवायचं आणि दोन्ही देशांनी आकडे वाटून घ्यायचे, अशी सरकारी योजना होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण गावांतून तो जोडला गेला. आधी हरियाणाच्या बाजूच्या दोन-तीन गावांत बोलणं सुरू झालं की फुगे ढग फाडतात. मग एका हिंदी वर्तमानपत्रात आलं की आपल्या आकाशाचे आकडे बाहेर विकले जातात. मग संसदेत प्रश्न विचारला गेला. मंत्र्यांनी माहिती गोळा करत असल्याचं उत्तर दिलं, आणि माहिती गोळा करायला कुणी आमच्याकडे आलं नाही.

कॉलनीतल्या बायका माझ्या बायकोला नळावर विचारायच्या, "भाभीजी, भाईसाहब से कहो ना, ज़रा आसमान के छेद बंद कर दें।"

ती हसून म्हणायची, "आज कहती हूँ। पर पहले मेरे घर का नल तो ठीक करें।"

ऑगस्टच्या एका शनिवारी सकाळी फाटकाशी साठ-सत्तर माणसं येऊन उभी राहिली. आमचे साहेब दौऱ्यावर सिमल्याला होते. हजर असलेल्यांत वरिष्ठ मी. फाटकावरच्या चौकीदाराने फाटक लावून घेतलं होतं. मी ते उघडायला लावलं, कारण आत लपवण्यासारखं काही नव्हतं. त्या वेळी हे मला फार साधं वाटलं.

पुढे एक म्हातारा होता. त्याच्या हातात आमचा पुठ्ठ्याचा डबा होता, फाटलेल्या छत्रीसकट. डब्यावर हिंदीत आणि इंग्रजीत छापलेलं असे की हे हवामानाचं यंत्र आहे, यापासून धोका नाही. ते त्याने वाचलं नव्हतं, किंवा वाचून विश्वास ठेवला नव्हता.

"बाबूजी, यो थारा गुब्बारा बादल नै पाड़ दे सै," तो म्हणाला. फुगा ढग फाडतो.

मी म्हटलं, "ताऊ, रबर का है। बादल से टकराएगा तो बादल का क्या बिगड़ेगा?"

"तो ऊपर जाके करे के सै?"

"ठंड नापता है।"

"ऊपर ठंड? ऊपर तो सूरज के धोरै सै।"

वर तर सूर्य जवळ, असं त्याचं म्हणणं. मागचे हसले. मी त्याला सांगितलं की सोळा-सतरा किलोमीटरवर उणे सत्तरच्याही खाली तापमान जातं, रोज जातं, मी स्वतः मोजलेलं आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "पढ़ा-लिखा माणस झूठ भी नाप कै बोलै सै।" शिकलेला माणूस खोटंही मापून बोलतो. हे वाक्य मी विसरलेलो नाही. मला मिळालेल्या शेऱ्यांत ते सगळ्यांत अचूक शब्दांत होतं, फक्त चूक होतं.

त्या गर्दीत एक तरुण वार्ताहर होता. वही काढून तो पुढे आला. नम्र मुलगा होता. त्याने विचारलं, "सर, आप लोग यहाँ असल में करते क्या हैं?"

दिल्लीत तेरा वर्षं काढूनही माझी हिंदी भाजी, बस आणि बँक यांच्यापुरती होती. कचेरीत इंग्रजी, घरात मराठी. पण त्या दिवशी मी ठरवलं होतं की यांच्याशी यांच्या भाषेत सरळ बोलायचं. मी सावकाश, शब्द मोजून उत्तर दिलं.

"हम ऊपर की हवा के आँकड़े लेते हैं और उनका संशोधन करते हैं।"

"संशोधन? आँकड़ों का?"

"जी। सात साल से। रोज़ दो बार।"

त्याने लिहून घेतलं. "किसके कहने पर, सर?"

"सरकार के कहने पर। सरकारी संशोधन है।"

"और वो विदेशी लोग?"

"वे भी संशोधन में हमारे साथ थे।"

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्याला माझ्या धीटपणाचं नवल वाटत असावं. "सर, यह मैं छाप सकता हूँ?"

"ज़रूर छापिए," मी म्हटलं. "इसमें छिपाने की क्या बात है?"

लोक तासाभराने गेले. म्हाताऱ्याने डबा परत दिला नाही. त्या दिवशीचं संध्याकाळचं उड्डाण वेळेवर झालं, आणि मी घरी जाताना खूश होतो.

रविवारी माझी सकाळची ड्यूटी होती. पहाटेचा फुगा गेल्यावर आकडे काढत बसलो होतो, तेवढ्यात सिमल्याहून साहेबांचा ट्रंक कॉल आला. लाइन खरखरत होती.

"अख़बार देखा?"

"नहीं सर।"

"आपने बोला कि हम संशोधन करते हैं?"

"जी सर, बोला।"

"बोला?"

"जी। करते ही हैं, सर।"

मग ते म्हणाले, "हे भगवान," आणि कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली.

घरी आलो तर मुलीच्या पुढ्यात ते वर्तमानपत्र उघडं होतं. शेजाऱ्यांनी आणून दिलं होतं. मथळा होता: 'रोज़ दो बार बदले जाते हैं आसमान के आँकड़े'. त्याखाली जरा बारीक अक्षरांत: 'सरकार के कहने पर, विदेशी भी शामिल: कर्मचारी ने माना'. मजकुरात माझं पद होतं आणि माझी वाक्यं होती. सगळी वाक्यं बरोबर होती. एक शब्दही बदललेला नव्हता.

"हा काय खोटारडेपणा!" मी म्हटलं. "बदलतो असं मी कुठे म्हणालो?"

मुलगी म्हणाली, "बाबा, तू संशोधन म्हणालास?"

"म्हणालो. मग?"

"अरे, संशोधन म्हणजे करेक्शन! चेंज! संविधान संशोधन नाही का, सिव्हिक्समध्ये आहे. म्हणजे कानून बदलना."

"त्याला घटनादुरुस्ती म्हणतात."

"मराठीत म्हणत असतील. हिंदीत संशोधन. न्यूजमध्ये रोज येतं, बाबा! रोज!"

"मग संशोधनाला काय म्हणतात?"

"कशाला?"

"अगं, रिसर्चला!"

"अनुसंधान. नाहीतर शोध." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्या शाळेतले मास्तर आठवले. मराठीतला 'संशोधन' हा शब्द तिला ठाऊकच नव्हता. आम्ही तिघं एकाच घरात राहत होतो आणि एका शब्दाच्या दोन बाजूंना उभे होतो. बातम्यांत तो शब्द मी शेकडो वेळा ऐकला असेन, पण कानाने ऐकला आणि डोक्याने त्याला आपल्या घरचा अर्थ लावला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आधी हसली. मग थांबली. मग म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही कबूल केलंत की काय?"

मंगळवारी साहेब परत आले. ते लखनौकडचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, हुशार आणि मनाने चांगले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यांनी जे सांगितलं ते दुष्टपणाने सांगितलं नाही. मंत्रालयाने तिघांची चौकशी समिती नेमली होती. ती दहा दिवसांत रजिस्टरं बघायला येणार होती.

मी त्यांना शब्दाची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बहुत अच्छा। पर समिति हँसने नहीं आ रही। दो काम करो। एक, लिखकर दो कि आपने ऐसा कुछ कहा ही नहीं, अख़बार ने गढ़ा है।"

"सर, मैंने कहा है।"

"यार, गवाह कौन है? साठ देहाती और एक छोकरा।"

"मैं हूँ, सर।"

"दूसरा," ते म्हणाले, "ये रजिस्टर।" त्यांनी टेबलावरचं माझं रजिस्टर उघडलं. पानावर निळ्या रेघाच रेघा. "यह देखकर कौन मानेगा कि आँकड़े बदले नहीं जाते? साफ़ कॉपी बनाओ। अंतिम आँकड़े, सुंदर अक्षर में। दो आदमी दे देता हूँ। असली वाले ऊपर की अलमारी में।"

आता इथे मला एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल, पण ती दोन वाक्यांची आहे. वर गेल्यावर ऊन थेट यंत्रावर पडतं, यंत्र तापतं आणि हवा आहे त्यापेक्षा गरम दाखवतं, म्हणून उन्हातल्या आकड्यांतून ठरावीक अंश वजा करावे लागतात. जगात सगळीकडे करतात, आम्हीही करत होतो, आणि मूळ आकडा व वजा केलेला आकडा दोन्ही रजिस्टरात शेजारी शेजारी होते.

म्हणजे हिंदी अर्थानेही मी खोटं बोललो नव्हतो. आम्ही आकड्यांत दुरुस्ती करत होतो. रोज दोन वेळा, सरकारच्या सांगण्यावरून, आणि दोन हिवाळे नाही तरी एक हिवाळा परदेशी माणसंही सोबत होती. माझं वाक्य दोन्ही भाषांत खरं होतं. लबाडी होती ती फक्त एका समजुतीत: की दुरुस्त केलेला आकडा म्हणजे खोटा आकडा. आणि साहेब मला सांगत होते की ती समजूत बरोबर आहे असं वागा, दुरुस्त्या लपवा.

मी म्हटलं, "सर, साफ़ कॉपी बनाई तो फिर अख़बार सही हो जाएगा। तब सच में आँकड़े बदले होंगे।"

"आँकड़े वही रहेंगे।"

"ग़लतियाँ नहीं रहेंगी।"

"तो अच्छा ही है ना!"

"नहीं सर।"

ते खुर्चीत मागे रेलले. "देखो, मराठे दिल्ली के पास आकर ज़िद करते हैं तो पानीपत हो जाता है।"

"हार गए थे, सर," मी म्हटलं. "पर हमने लिखा भी यही है कि हार गए।"

ते हसले नाहीत. म्हणाले, "लडाख में एक पोस्ट ख़ाली है। मैं नहीं भेजूँगा, पर ऊपर से पूछेंगे तो रोक भी नहीं पाऊँगा। क्वार्टर जाएगा। बिटिया की पढ़ाई सोच लो।"

घरी मी हे जसंच्या तसं सांगितलं. माझा स्वभाव तसा आहे, सांगताना मला गाळता येत नाही. बायको भाकरी थापत होती. ती थांबली.

"त्या वार्ताहराचं काय जाणार आहे हो? लिहून द्या की नाही म्हणालो म्हणून. तो तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही. पण त्याने चूक केली नाही. माझी चूक त्याच्या नावावर टाकायची?"

"आणि माझ्या नावावर लडाख?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "तिथे शाळा तरी आहे का? बघून ठेवलंय का तुम्ही? सगळ्याचे आकडे असतात तुमच्याकडे."

"क्वार्टर सोडावं लागलं तर तुम्ही दोघींनी इथेच भाड्याने राहायचं. परीक्षा होईपर्यंत."

"म्हणजे ठरलंय तुमचं."

"अजून लिहिलं नाही काही."

ती वळली. हातावर पीठ. "मला एक सांगा. कचेरीत आकडा चुकला की तुम्ही काय करता? मला दहादा ऐकवलंय ते."

"रेघ मारतो. खालचं दिसेल अशी."

"मग बोलणं चुकलं तर वेगळं काय करायचं? मी म्हणालो, असं लिहा. माझा अर्थ हा होता, असं वर लिहा. सही करा. एवढं बसतं का तुमच्या नियमात?" आणि मग, माझ्याकडे न बघता: "पण लडाखला गेलात तर लोकरीचे सगळे कपडे स्वतः धुवायचे. मी येणार नाही."

त्या रात्री जेवण झाल्यावर मुलीने मला हिंदीत जबाब लिहायला मदत केली. ती एक-एक शब्द तपासत होती. "'चेष्टा' लिहू नको, बाबा, त्याचा मतलब कोशिश होतो," "'शिक्षा' काट, ती तर पढ़ाई झाली." माझ्या भाषेतले किती शब्द रस्त्यापलीकडे जाऊन दुसरंच काम करत होते ते मला त्या वेळी कळलं. जबाब दीड पानाचा झाला. त्यात चार गोष्टी होत्या: हे शब्द मी बोललो. वार्ताहराने ते बरोबर छापले. माझ्या मातृभाषेत त्या शब्दाचा अर्थ अनुसंधान असा होतो, ही चूक माझी. आणि आकड्यांत दुरुस्त्या होतात हे खरं आहे, त्या कुठे आणि का झाल्या ते रजिस्टरात दिसतं, समितीने पाहावं.

साहेबांनी तो वाचला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलून वाचला. "यह चौथी बात निकाल दो।"

"नहीं, सर।"

"मैं आख़िरी बार कह रहा हूँ।"

"सर, आप इस पर लिख दीजिए कि आप सहमत नहीं हैं। मैं बुरा नहीं मानूँगा।"

त्यांनी खरोखरच तसा शेरा लिहिला. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगतो: त्यांनी माझ्या अनुपस्थितीत दुसऱ्या कुणाकडून स्वच्छ प्रती करून घेतल्या नाहीत. घेऊ शकले असते.

समिती आली. तिघं जण. मधे बसलेले गृहस्थ वयस्कर, निवृत्त न्यायाधीशासारखे दिसणारे, पण होते गणिताचे प्राध्यापक. टेबलावर माझी बावीस रजिस्टरं. मला उभं ठेवलं नाही, खुर्ची दिली. पहिला अर्धा तास डावीकडचे सदस्य परदेशी यंत्राबद्दल विचारत होते, आणि त्यांचा प्रत्येक प्रश्न 'क्या यह सच नहीं है कि' असा सुरू होत होता. मी जे सच होतं त्याला होय म्हटलं आणि जे नव्हतं त्याला नाही.

मग प्राध्यापकांनी मधूनच एक रजिस्टर ओढलं आणि कुठलंतरी पान उघडलं. मी टेबलाच्या पलीकडून ते उलटं बघूनही ओळखलं. ते पान मला पाठ होतं. तीन वर्षांपूर्वीचं उड्डाण. प्रत्येक यंत्राबरोबर त्याचा स्वतःचा तक्ता येतो, त्यावरून आकडे काढायचे. त्या दिवशी मी दुसऱ्याच यंत्राचा तक्ता समोर ठेवून अख्खं उड्डाण काढलं होतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तोवर आकडे तारेने पुढे गेले होते. पानभर रेघा, आणि तळाशी माझ्या हाताने लिहिलेलं: संपूर्ण उड्डाण चुकीच्या तक्त्यावरून काढलं, चूक माझी, दुरुस्तीची तार पाठवली, वेळ अमुक.

डावीकडचे सदस्य पुढे झुकले. "पूरा पन्ना काटा हुआ है!"

"जी।"

"यानी उस दिन के सारे आँकड़े ग़लत भेजे गए।"

"जी। एक दिन तक।"

"आप मानते हैं?"

"लिखा है, सर। नीचे।"

प्राध्यापकांनी खिशातून एक छोटी वही काढली आणि रजिस्टराला जोडलेली त्या उड्डाणाची कागदी पट्टी व बरोबर तक्ता समोर घेऊन खोडलेला एक आकडा स्वतः काढून बघितला. त्यात सात-आठ मिनिटं गेली. मला कुणी परीक्षेला बसवलंय असं वाटत होतं आणि खरं तर माझी परीक्षा चाललेलीच होती. त्यांचं उत्तर माझ्या वर लिहिलेल्या आकड्याशी जवळजवळ जुळलं. फक्त अर्ध्या अंशाचा फरक होता. त्यांनी तो मला दाखवला.

"आधा डिग्री?"

मी बघितलं. "आपने रेघ का बीच लिया है, सर। हम ऊपर का किनारा लेते हैं।"

त्यांनी पुन्हा काढला. या वेळी जुळला. मग पेन बंद केलं. "यह पन्ना आपके ख़िलाफ़ जाता है, आप जानते हैं?"

"जानता हूँ।"

"फाड़ सकते थे।"

"फिर बाक़ी पन्नों का भरोसा कौन करता?" मी म्हटलं, आणि आवाज जरा चढलाच. "सर, मेरी सात साल की ग़लतियाँ यहाँ रखी हैं। जिनके रजिस्टर साफ़ हैं, उनसे भी पूछिए कि उनकी कहाँ रखी हैं।"

साहेब माझ्या मागे बसले होते. त्यांच्या खुर्चीचा आवाज झाला.

निकाल यायला चार महिने लागले. समितीने लिहिलं की आकड्यांत लबाडी आढळली नाही आणि नोंदी मूळ स्वरूपात विश्वासार्ह आहेत. रजिस्टरं बचावली. पण परदेशी योजना तरीही बंद झाली, कारण तोवर ती चालू ठेवण्यात कुणालाच राम वाटत नव्हता. ते यंत्र लाकडी खोक्यात बांधून परत गेलं. उशिरा का होईना पाऊसही पडला होता. त्याचं श्रेय आम्हाला कुणी दिलं नाही.

लडाख मला मिळालं नाही. मिळाली ती लेखी ताकीद. तिच्यात दोन वाक्यं होती. पहिलं, परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोललो. हे खरं होतं, नियम होता, मी तो मोडला होता. दुसरं, सरकारी नोंदींबद्दल दिशाभूल करणारं विधान केलं. हे खोटं होतं. माझ्या विधानाने ज्यांची दिशाभूल झाली त्यांची एका शब्दाने झाली, आणि तो शब्द मी समितीपुढे उलगडून ठेवला होता. समितीने माझ्यावर असा ठपका ठेवलेलाही नव्हता. कचेरीत कुणीतरी ते वाक्य जोडलं होतं, कारण एका वाक्याची ताकीद फार आखूड दिसते.

साहेबांनी कागद पुढे केला. "साइन कर दो। छोटी बात है। दो साल में लोग भूल जाएँगे।"

मी 'मिळाला' असं लिहून सही केली आणि खाली लिहिलं: पहिलं वाक्य मान्य, दुसरं अमान्य.

"इससे प्रमोशन रुकेगा," ते म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, फक्त माहिती होती.

रुकलं. तीन वर्षं. माझ्यानंतर नोकरीला लागलेले दोघं माझ्या वर गेले. कॉलनीतल्या काहींना वाटलं की मी काहीतरी केलं असणार, उगाच कुणाला ताकीद मिळत नाही. मी कुणाला समजावत बसलो नाही. जो विचारी त्याला मी कागद दाखवत असे, दोन्ही वाक्यांसकट.

त्यानंतर दरवर्षी मी एक अर्ज करतो. ताकीद काढून टाका असं मी कधी मागितलं नाही. ती दिली गेली, ती राहू द्या. माझं म्हणणं एवढंच की माझ्या फाइलमध्ये तिच्यामागे माझा दीड पानांचा जबाब आणि समितीचा निष्कर्ष लावा, म्हणजे जो तिला वाचेल तो तेही वाचेल. नऊ अर्ज झाले. नऊ नकार आले. त्यांपैकी सहांत एकच वाक्य आहे, दोहोंत स्पेलिंगची तीच चूक आहे, आणि एकात माझं पदच चुकीचं लिहिलं होतं. ते मी परत पाठवून दुरुस्त करून घेतलं. नकार बरोबर माणसाला मिळायला हवा.

आता आम्ही मयूर विहारमध्ये सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी नोकरी करते. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. गेल्या आठवड्यात मी दहावा अर्ज लिहायला घेतला, तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाचत उभी राहिली.

"म्हणजे आणखी सहा," ती म्हणाली.

"सहा."

"आणि रिटायर झाल्यावर?"

"पेन्शनरलाही अर्ज करता येतो," मी म्हटलं. "मी नियम बघून ठेवलाय."